चूक कोण सांगतं? रोमच्या चाळीपासून कोसबाडच्या टेकडीपर्यंत

आजचा विषय बालशिक्षणाच्या इतिहासातला आहे. ‘मुलानं आपल्या कलानं शिकावं, हातानं करून शिकावं’ हे वाक्य आता इतकं सर्वमान्य झालं आहे की त्याला कुणी विरोधच करत नाही. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. त्या सवयीनं अशा बिनविरोध वाक्याबद्दल आम्हाला जरा शंका येते. म्हणून आज आपण या वाक्याला एक साधा प्रश्न विचारू या. तीन-चार वर्षांचं मूल काहीतरी करताना चुकलं, तर ती चूक त्याला कोण सांगतं? या प्रश्नाचं उत्तर काळानुसार कसं बदलत गेलं, ते पाहिलं की हा इतिहास आपोआप उलगडतो.

हे वाक्य एके काळी किती धोक्याचं वाटत होतं, ते आधी सांगतो. फ्रेडरिक फ्रोबेल या जर्मन शिक्षकानं १८४० साली आपल्या बालशाळेला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असं नाव दिलं. चेंडू, ठोकळे, दोरे, काड्या ही त्याची साधनं. आणि १८५१ साली प्रशियाच्या सरकारनं या बागांवर चक्क बंदी घातली. त्यात नास्तिकपणा आणि समाजवाद शिकवला जातो, असा संशय होता. फ्रोबेल पुढच्याच वर्षी वारला. बंदी उठायला १८६० साल उजाडलं. लाकडी ठोकळ्यांनी सरकारं उलथत नाहीत, हे खरं. पण स्वतः हाताळून खरंखोटं ठरवायची सवय लहानपणी लागली की मोठेपणी हुकूम निमूट ऐकणं अवघड जातं, हेही तितकंच खरं.

आता रोमला येऊ. ६ जानेवारी १९०७ रोजी सान लोरेन्झो या गरीब वस्तीत मारिया मॉन्टेसरींनी ‘कासा दे बांबिनी’, म्हणजे बालगृह, सुरू केलं. त्याची सुरुवात कुठल्याही थोर तत्त्वातून झाली नव्हती, बरं का. एका कंपनीनं तिथल्या चाळवजा इमारती दुरुस्त करून मजुरांना भाड्यानं दिल्या होत्या. आईबाप कामावर गेले की मागे राहिलेली पोरं जिने आणि भिंती खराब करत. त्यांना दिवसभर एका खोलीत सांभाळणं दुरुस्तीपेक्षा स्वस्त पडेल, असा मालकांचा हिशोब. मॉन्टेसरी होत्या डॉक्टर. मतिमंद मानल्या गेलेल्या मुलांबरोबर त्यांनी काम केलं होतं आणि इतार, सेगँ या फ्रेंच डॉक्टरांची साधनं अभ्यासली होती. तीच साधनं त्यांनी इथल्या पन्नास-साठ मुलांपुढे ठेवली.

त्यातलं एक साधन पाहू. लाकडाच्या लांबट ठोकळ्यात कमी-जास्त मापाची भोकं असतात आणि प्रत्येक भोकात नेमका बसणारा एक दंडगोल असतो. मुलानं सगळे बाहेर काढायचे आणि परत बसवायचे. बारीक दंडगोल मोठ्या भोकात गेला, तर शेवटी एक जाड दंडगोल हातात उरतो. तो कुठेच बसत नाही. मूल थांबतं, बघतं, पुन्हा काढतं. बाईंना काही बोलावंच लागत नाही. चूक वस्तूच सांगते.

आमच्या मते मॉन्टेसरींच्या विचाराचा गाभा इथे आहे. ‘चुकलास’ हा निर्णय त्यांनी मोठ्या माणसाकडून काढून वस्तूकडे सोपवला. मोठ्या माणसाच्या ‘चुकलास’मध्ये राग असतो, तुलना असते, कधी जात आणि वर्गही असतो. लाकडी दंडगोलात यातलं काहीच नसतं. म्हणून शिक्षिकेला त्यांनी शिक्षिका म्हटलंच नाही, तर दिशा दाखवणारी म्हटलं. आणि मुलाच्या स्वातंत्र्याचा अर्थही इथे नेमका होतो. मन मानेल तसं वागणं म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. आपली चूक आपल्याला दिसणं आणि ती आपल्याच हातानं दुरुस्त करता येणं, हे स्वातंत्र्य.

पुढे मात्र इतिहासानं एक विचित्र वळण घेतलं. मजुरांच्या चाळीत जन्मलेली ही पद्धत जगभर पसरता पसरता श्रीमंतांची झाली. साधनं अगदी मोजूनमापून बनवावी लागत, ती महाग पडत. १९३१ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनला मॉन्टेसरींच्या प्रशिक्षण संस्थेत गांधीजी बोलले, तेव्हा त्यांनी नेमकं इथेच बोट ठेवलं. असं शिक्षण सुखवस्तू मुलांपुरतं न राहता कंगालांच्या मुलांनाही मिळावं, अशी आशा त्यांनी व्यक्त केली.

ही आशा खरी करायला आपल्याकडे जी माणसं राबली, त्यांच्याकडे आता वळू. भावनगरला गिजुभाई बधेका या वकिलानं वकिली सोडून १९२० साली दक्षिणामूर्ती बालमंदिर सुरू केलं. मुलं त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हणत. १९२३ मध्ये तिथे ताराबाई मोडक आल्या. मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर, राजकोटच्या स्त्रियांच्या अध्यापन महाविद्यालयाच्या प्राचार्या. १९२६ मध्ये या दोघांनी नूतन बालशिक्षण संघ उभा केला. ‘शिक्षणपत्रिका’ चालवली, ती गुजरातीत आणि पुढे मराठीतही. १९३६ साली ताराबाईंनी दादरला शिशुविहार काढलं. ते उत्तम चाललं. पण ताराबाईंना ते पुरेसं वाटेना. दादरच्या मुलाला जे मिळतं, ते खेड्यातल्या मुलाला का नाही?

१९४५ साली त्या ठाणे जिल्ह्यात समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या आणि तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं. सोबतीला होत्या अनुताई वाघ. लग्न तेराव्या वर्षी आणि सहा महिन्यांच्या आत वैधव्य. शिक्षण जिद्दीनं, नोकरी करता करता मिळवलेलं. काळ आणि जागा ध्यानात घ्या. याच वर्षी, याच उंबरगाव-डहाणू पट्ट्यात वारल्यांचा उठाव झाला. गोदावरी परुळेकरांनी त्यांना वेठबिगारीविरुद्ध उभं केलं होतं. लग्नासाठी कर्ज काढून जमीनदाराचा गडी झालेल्या माणसाला तिथे ‘लग्नगडी’ म्हणत. अशा घरातल्या पोराच्या हाती तुम्ही कुठला दंडगोल देणार?

बोर्डीत बालवाडी उघडली, पण हरिजन आणि आदिवासी वस्तीतली मुलं काही येईनात. आता इथे आपला प्रश्न परत येतो. मूल आलं नाही, तर चूक कुणाची? मुलाची, आईबापाची, असं म्हणणं सोपं होतं, आणि आजही ते म्हटलं जातं. या दोघींनी उत्तर वेगळं दिलं. न आलेलं मूल त्यांच्या लेखी जागेवर न बसलेल्या त्या दंडगोलासारखं होतं. मग रचना आपली चुकली आहे, ती आपण बदलायची. बालवाडीच उठून वस्तीतल्या अंगणात गेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द याच प्रयोगातून रूढ झाला, असं मानलं जातं. तिथला पहिला पाठ आंघोळीचा, नखं कापण्याचा, केस विंचरण्याचा. महागड्या साधनांच्या जागी शंखशिंपले, खडे, बिया, पानं, माती. लहान-मोठं, हलकं-जड, खरखरीत-गुळगुळीत हे सगळं निसर्गातच पडलेलं असतं. ते वेचायला मात्र नजर लागते, आणि ती नजर शिक्षिकेला द्यावी लागते.

दहाएक वर्षांनी काम कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या मुलखात गेलं. तिथे नवी अडचण. मोठी बहीण शाळेत येत नाही, कारण कडेवर धाकटं भावंड. म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली, तिचं नाव ‘विकासवाडी’. मुलगा येत नाही, कारण तो गुरं चारायला जातो. म्हणून शाळाच गुरांमागे गेली, ती ‘कुरणशाळा’. शिक्षकानं सामान घेऊन कुरणात जायचं, गुरं चरतील तिथे शिकवायचं. मॉन्टेसरींच्या खोलीत मूल मांडलेल्या वस्तूंतून निवड करत होतं. कोसबाडला शाळा कुठे आणि केव्हा भरावी, हेही मुलाच्या जगण्यानं ठरवलं. म्हणून कोसबाडला नुसतं ‘मॉन्टेसरीचं स्वस्त रूप’ म्हणणं आम्हाला पटत नाही. मूळ विचार तिथे एक पाऊल पुढे गेला.

आता एक आक्षेप, आणि तो हलका नाही. गरीब आईबाप म्हणतात, ‘खेळ राहू द्या, पोराला अक्षर शिकवा.’ याला अडाणीपणा म्हणू नये. ज्याच्या बापाचा अंगठा सावकाराच्या कागदावर उमटला, त्याला अक्षराची किंमत आपल्यापेक्षा जास्त कळते. पण सान लोरेन्झोत काय झालं, ते पहा. आधी लिहायला शिकवायचा मॉन्टेसरींचा बेत नव्हता. आयांनीच तशी मागणी केली. मग खरखरीत कागदाची अक्षरं कापून मुलांच्या बोटांखाली दिली, आणि काही महिन्यांत चार-पाच वर्षांची मुलं आपसूक लिहू लागली. दंडगोलाची मूठ तीन बोटांत धरून धरून हात आधीच तयार झाला होता. म्हणजे ‘खेळ की अक्षर’ हा वादच खोटा आहे. हात तयार नसताना पेन्सिल दिली, तर मूल चुकतं, आणि मग चूक दाखवायला पुन्हा लाल शाई आणि वटारलेले डोळे येतात.

शेवटी आजच्याकडे येऊ. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांत एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली, हे फार मोठं काम. पण योजनेतल्या सहा सेवांत पूर्वप्राथमिक शिक्षण ही एक. पोषण आहार, वजनं, लसीकरण, नोंदी यांच्या गर्दीत ती बहुधा शेवटी उरते. दुसरीकडे शहरात ‘मॉन्टेसरी’ अशी पाटी लावून तीन वर्षांच्या मुलाला घरचा अभ्यास देणाऱ्या शाळा आहेत. आणि कायद्याचं पाहाल, तर मूळ संविधानातलं ४५ वं कलम चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांविषयी होतं. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीनं सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला, आणि सहा वर्षांखालच्यांसाठी राज्यानं ‘प्रयत्न करावा’ एवढंच उरलं. ज्या वयासाठी ताराबाई-अनुताईंनी आयुष्य वेचलं, नेमकं तेच वय हक्काबाहेर राहिलं.

म्हणून आमची एवढीच विनंती आहे. आपल्या गल्लीतल्या अंगणवाडीत किंवा नातवंडांच्या शाळेत एकदा अर्धा तास शांत बसून पहा. पाटी कसली आहे, भिंतीवर चित्रं किती आहेत, ते सोडून द्या. मूल चुकलं की चूक त्याला कोण सांगतं, आणि जे मूल आलंच नाही त्याच्याबद्दल तिथे कोण काय बोलतं, एवढंच बघा. त्यावरून ती शाळा कुणाच्या मागून चालली आहे, ते कळेल.