तीन तासांची मुदत

न्यूयॉर्कला दिवेलागण होऊन गेली तरी लॉस एंजेलिसला सूर्याचा अंमल आणखी तीन तास चालतो. ४ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या सॅन फ्रान्सिस्कोतील भाषणाने अमेरिकेचे दोन्ही किनारे दूरचित्रवाणीने प्रथम जोडले गेले, आणि रात्री आठचा कार्यक्रम पश्चिमेस सायंकाळी पाचला, म्हणजे माणसे कचेरीतून घरी परतण्यापूर्वीच, आटोपून जाऊ लागला.

यावर निघालेली तजवीज विलक्षण कष्टाची होती. हॉलिवूडच्या केंद्रात उमटणाऱ्या चित्रासमोर चित्रपटाचा कॅमेरा रोखून फिल्म घेतली जाई, आणि ती तीन तासांच्या मुदतीत धुऊन, वाळवून लगोलग प्रक्षेपणास चढवावी लागे. रसायनशाळेतून आलेली ती फीत अद्याप ऊनच असे, म्हणून तिला ‘हॉट किनेस्कोप’ हे नाव पडले. चित्र धूसर दिसे, पण दिवसभर राबून आलेल्या माणसाला त्याची सायंकाळ मिळावी यासाठी रोज घड्याळाशी झुंजणारे ते अनाम कारागीर मला फार आदरणीय वाटतात.

त्यांची ही धावपळ संपविली ती कॅलिफोर्नियातील अँपेक्स कंपनीने. चार्ल्स गिन्सबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत तरुण रे डॉल्बीही होते, चुंबकीय शीर्षेच मिनिटास १४,४०० फेऱ्यांनी फिरवून दोन इंच रुंदीच्या फितीवर चित्र कोरण्याची युक्ती साधली, आणि ३० नोव्हेंबर १९५६ रोजी सीबीएसने डग्लस एडवर्ड्स यांचे न्यूयॉर्कहून आलेले वार्तापत्र हॉलिवूडमध्ये मुद्रित करून तीन तासांनी पश्चिमेस दाखविले. प्रारंभी तर ज्या शीर्षांनी मुद्रण केले त्यांच्यावाचून ती फीत दुसरीकडे नीट चालतही नसे, म्हणून खबरदारीखातर फिल्मही तयार ठेवीत. पुढे इंग्लंडमध्ये तासाभराच्या विलंबाने तेच कार्यक्रम दाखविणाऱ्या ‘प्लस वन’ वाहिन्या निघाल्या, आणि २००७ मध्ये चॅनल फोरनेही तशी वाहिनी सुरू केली. पण तेथे प्रश्न सूर्याचा नव्हता, केवळ कार्यक्रम चुकलेल्या प्रेक्षकाच्या सोयीचा होता.

नव्या फितीत एक दोष मात्र होता. ती महाग होती, पुसून पुन्हा वापरता येत होती, आणि दप्तरी जतन करण्याची बुद्धी फारच थोड्यांना झाली. त्यामुळे त्या काळचे कितीतरी कार्यक्रम आज पाहावयाचे झाल्यास ते त्या धूसर, घाईने धुतलेल्या फिल्मवरच पाहावे लागतात.