जनगणनेतील संगणक : कागदी अनुसूचीपासून मोबाइलपर्यंत

छत्तीसगडमधील भिलाई शहर पोलाद प्रकल्पाभोवती वाढले. देशाच्या विविध भागांतून कामगार कुटुंबे येथे आली, त्यात मराठी भाषकही होते. शहरातील वैशाली नगरसारख्या वसाहतीत कोण राहते, कोणती भाषा बोलते, घरात पाण्याची सोय आहे की नाही, याचे अधिकृत उत्तर जनगणनेतून मिळते. हे उत्तर किती लवकर हाती येते, यात माहिती तंत्रज्ञानाची कसोटी आहे.

सरकारी आकडेवारीसाठी यंत्राचा वापर जुना आहे. अमेरिकेत १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलेरिथ यांची छिद्रित कार्डांची यंत्रे वापरण्यात आली. भारतात प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या पुढाकाराने कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५० च्या दशकाच्या मध्यास संगणक आला. २००१ च्या जनगणनेत हस्ताक्षर ओळखणारे तंत्र वापरण्यात आले. भरलेल्या अनुसूची स्कॅन करून त्यांतील मजकूर थेट संगणकात घेतला गेला.

२०११ मध्ये सुमारे २७ लाख कर्मचारी या कामात होते. अनुसूची १६ भाषांत छापण्यात आल्या होत्या. देशाच्या लोकसंख्येचा तात्पुरता आकडा ३१ मार्च २०११ रोजीच जाहीर झाला. दुर्ग-भिलाईनगर नागरी समूहाची लोकसंख्या सुमारे १० लाख ६४ हजार नोंदली गेली. मात्र मातृभाषेची सारणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली.

या विलंबाचे एक कारण भाषेच्या नोंदींतच आहे. लोकांनी मातृभाषेची १९,५६९ वेगवेगळी नावे सांगितली होती. भाषाशास्त्रीय छाननीनंतर त्यांतून १,३६९ मातृभाषा निश्चित करण्यात आल्या. यंत्र अक्षर वाचते. ते नाव कोणत्या भाषेचे, हे तज्ज्ञांनाच ठरवावे लागते. या सारणीनुसार मराठी भाषकांची संख्या ८ कोटी ३० लाख होती आणि देशात मराठीचा क्रमांक तिसरा होता.

सीमांचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. वैशाली नगर हा २००८ पासून विधानसभा मतदारसंघही आहे. परंतु जनगणनेच्या सारण्या जिल्हा, तहसील, शहर व प्रभागानुसार तयार होतात. २०१२ मध्ये दुर्ग जिल्ह्यातून बालोद आणि बेमेतरा हे जिल्हे वेगळे झाले. त्यामुळे जुन्या व नव्या आकड्यांची तुलना करताना आधी सीमा जुळवाव्या लागतात.

२०२१ ची नियोजित जनगणना कोविड साथीमुळे पुढे ढकलण्यात आली. १६ जून २०२५ च्या अधिसूचनेनुसार नव्या जनगणनेसाठी देशाच्या बहुतांश भागात १ मार्च २०२७ हा संदर्भ दिनांक निश्चित करण्यात आला. प्रगणकांनी मोबाइल ॲपवर माहिती नोंदवावी आणि नागरिकांना स्वतःही ती भरता यावी, अशी योजना आखण्यात आली. त्यामुळे कागद गोळा करून स्कॅन करण्याचा टप्पा टळतो.

जनगणना कायदा १९४८ नुसार व्यक्तिगत माहिती गोपनीय असते आणि ती न्यायालयात पुरावा म्हणून वापरता येत नाही. दारावर आलेल्या प्रगणकाला खरी माहिती मिळण्यासाठी नागरिकांना हा विश्वास वाटणे आवश्यक असते. चुकीचे उत्तर संगणकही दुरुस्त करू शकत नाही.