दादीची काळी गोळी

कापूस वेचायला जाण्याआधी दादी बाळाला पाजायची आणि मुगाहून लहान अशी अफूची गोळी त्याच्या जिभेवर ठेवायची. लोणारच्या आमच्या मोहल्ल्यात याला नशा कुणी म्हणत नसे. बाळ निजवलं, एवढंच. तिचं एक मूल असं निजलं ते उठलंच नाही. हे तिनं मला एकदाच सांगितलं, ज्वारी निवडता निवडता, मान वर न करता.

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. पण त्या गोळीनं नेमकं काय केलं, हे मला जाणून घ्यायचं होतं.

अफूतलं मुख्य द्रव्य मॉर्फिन. डॉक्टर ते दीडशेहून अधिक वर्षं देत होते, तरी मेंदूत ते बसतं कुठे हे कुणी दाखवलं नव्हतं. १९७३ साली अमेरिकेत बाल्टिमोरला कँडेस पर्ट या तरुण संशोधिकेनं सॉलोमन स्नायडर यांच्या प्रयोगशाळेत ते दाखवलं. मेंदूतल्या पेशींवर प्रथिनांच्या खोबणी असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. मॉर्फिन त्यांत नेमकं बसतं. खसखशीच्या बोंडातल्या चिकासाठी माणसाच्या डोक्यात जागा कशाला? उत्तर १९७५ मध्ये स्कॉटलंडातल्या अ‍ॅबरडीनला मिळालं. ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांना डुकराच्या मेंदूत तसंच काम करणारी द्रव्यं सापडली. म्हणजे वेदनेवरचा उतारा शरीर स्वतःच बनवतं. अफू त्याच्या जागेवर जाऊन बसते.

ती बसली की पेशींमधली निरोपांची देवाणघेवाण मंदावते. दुखणं कमी होतं, झोप येते. पण श्वास चालू ठेवणाऱ्या, मेंदूच्या तळाशी असलेल्या भागातही त्याच खोबणी आहेत. तिथे निरोप मंदावले की श्वास मंदावतो. तान्ह्या जिवाला तर फार थोडी अफू पुरते. शिवाय रोजच्या सवयीनं पेशी निर्ढावतात, कालची गोळी आज पुरत नाही, बाळ रडतं आणि गोळी मोठी होते. कोणत्या गोळीत मॉर्फिन किती, याचं माप दादीजवळ कुठून असणार?

ती एकटी नव्हती. मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या बायकाही 'बाळगोळी' देत. १९२२ साली डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरांनी गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी केली, तेव्हा तान्ह्यांना अफू देण्याची ही चाल सरकारी कागदावर आली. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेब आंबेडकरांनी प्रसूतिरजेच्या विधेयकाची बाजू घेतली. १९२९ मध्ये कायदा झाला. १९४८ च्या कारखाने कायद्यानं पन्नासहून अधिक बायका असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचं केलं. मला विचाराल तर अफूवरचा खरा उतारा हाच. पण कापसाच्या वावरात पाळणाघर कोण काढणार?

आम्हा नातवंडांना दादीनं गोळी कधी दिली नाही. बांधावरच्या बाभळीला जुन्या साडीची झोळी बांधून धाकट्या भावाला ती त्यात ठेवायची. वेचणीची मजुरी वजनावर. तो रडला की ती हातातली पात तशीच सोडून उठायची, आणि संध्याकाळी काट्यावर तिचं गाठोडं सगळ्यांत हलकं भरायचं.