मसह, मोजे आणि वाटसरूचे पाय

हिवाळा आला की आमच्याकडच्या मशिदींमध्ये एक जुना वाद नव्याने रंगतो: सुती मोज्यांवर मसह चालतो की नाही? मसह म्हणजे वुजू करताना पाय न धुता, पायातल्या मोज्यांवरून ओला हात फिरवणे. हा वाद ऐकताना मला नेहमी वाटते, की आपण नियम तेवढा लक्षात ठेवला आणि तो ज्यांच्या उपयोगी पडला त्या चालणाऱ्या माणसांना विसरलो.

इस्लामच्या सुरुवातीच्या इतिहासात एका मोहिमेचे नावच पायांच्या जखमांवरून पडले आहे. तिला 'जातुर्रिका' म्हणतात, म्हणजे चिंध्यांची मोहीम. इमाम बुखारी (मृत्यू इ.स. ८७०) यांच्या हदीससंग्रहात हजरत अबू मूसा अशअरी यांची आठवण नोंदलेली आहे. सहा जणांत मिळून एक उंट होता. आळीपाळीने त्यावर बसायचे, उरलेला वेळ चालायचे. पाय सोलवटून निघाले, अबू मूसांच्या पायांची नखे गळून पडली, तेव्हा सगळ्यांनी पायांना चिंध्या गुंडाळल्या आणि पुढचा पल्ला गाठला. या नावाची इतरही कारणे सांगितली जातात आणि मोहिमेच्या सालाबद्दल मतभेद आहेत. पण मला या हकिकतीचा शेवट महत्त्वाचा वाटतो. एवढे सांगून झाल्यावर अबू मूसांना आपण हे बोललो याचेच वाईट वाटले. सोसलेल्या कष्टांचा बोभाटा त्यांना नको होता.

दुसरी नोंद तबूकच्या प्रवासातली, हिजरी ९ म्हणजे इ.स. ६३० मधली. मदीना ते तबूक हे अंतर सुमारे ७०० किलोमीटर. वाटेत प्रेषित मुहम्मद (स.) वुजू करत असताना हजरत मुगीरा बिन शोअबा त्यांचे 'खुफ्फ' उतरवायला वाकले. प्रेषितांनी ते राहू द्यायला सांगितले, कारण पाय पाक असताना ते घातले होते. आणि त्यांच्यावरून मसह केला. खुफ्फ म्हणजे घोटा झाकणारा चामडी मोजा. मुक्कामी असलेल्याला ही सवलत एक दिवस-एक रात्र आणि प्रवाशाला तीन दिवस-तीन रात्री. प्रवाशाला तिप्पट मुदत दिली, यातच सवलतीचा रोख दिसतो.

आपल्या मराठीतला 'मोजा' हा शब्दही मूळ फारसी 'मूजा', आणि फारसीत त्याचा अर्थ बूट. म्हणजे शब्द चामड्याकडून कापडाकडे सरकत आला. फकीहांपुढचा प्रश्नही तसाच सरकला: कापडी मोजा खुफ्फच्या जागी चालेल का? इमाम अबू हनीफांनी आधी चामड्याचा आग्रह धरला. त्यांचे शिष्य अबू यूसुफ आणि मुहम्मद यांनी जाड, आरपार न दिसणारे मोजे मान्य केले.

हनफी ग्रंथांतल्या अटी एखाद्या चालणाऱ्याच्या नजरेने वाचून पाहा. मोजा घोटे झाकणारा हवा. न बांधता पायावर टिकणारा हवा. तो घालून निदान एक फरसख, म्हणजे तीन मैल, चालता आले पाहिजे. पायाच्या तीन लहान बोटांएवढी फट पडली असेल तर चालणार नाही. कोकणातले आपले बांधव शाफई. त्यांच्याकडे पायाचा भाग दिसेल अशी फट मुळीच चालत नाही. ढिला, घसरणारा, फाटका मोजा लांबच्या वाटेला नेऊ नये, हे आज कोणताही अनुभवी पदयात्री सांगेल. या अटी फोडांसाठी घातलेल्या नाहीत, वुजूसाठी आहेत. पण त्या ठरवणाऱ्यांना पायपीट ठाऊक होती, हे स्पष्ट दिसते.

फोड येतो तो घर्षणाने. आतले हाड पुढे-मागे सरकते, वरची कातडी मोज्याला चिकटून राहते, मधले थर ताणले जातात. शेवटी ते सुटतात आणि त्या जागी पाणी भरते. कातडी घामाने ओलसर झाली की हे लवकर घडते. म्हणून लांब चालायला सुती मोजा वाईट: तो घाम पितो आणि ओलाच राहतो. लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा मोजा ओल बाहेर सोडतो. आत पातळ आणि वर जाड असे दोन मोजे घातले, तर बरेचसे घर्षण त्या दोहोंमध्येच होते, कातडीवर येत नाही. वुजू करून मोजे घालणाऱ्याने बोटांच्या बेचक्या कोरड्या करून मगच ते चढवावेत.

चपलेबरोबर मोजा ही कल्पनाही जुनीच. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इजिप्तमधले, इस्लामपूर्व काळातले लाल लोकरी मोजे आहेत. त्यांचा अंगठा वेगळा विणलेला आहे, चपलेचा पट्टा त्या फटीत बसावा म्हणून.

हजमध्ये मात्र पुरुषांना एहरामात मोजे घालता येत नाहीत, स्त्रियांना येतात. मक्का, मिना, अरफात, मुजदलिफा अशी पायपीट पुरुषाला उघड्या पायांनी किंवा चपलेवर करावी लागते. आपल्याकडे हजसाठी सगळे नवे घेण्याची हौस असते, तशी चप्पलही नवी घेतली जाते. ती पहिल्याच दिवशी चावते. हजला निघण्यापूर्वी महिना-दोन महिने तीच चप्पल घालून रोज चालावे, हा सल्ला मी प्रत्येकाला देतो. स्त्रियांनी मोजेही आधी घालून, चालून पाहिलेले न्यावेत.

यावर काहीजण म्हणतात, 'फोड आले तर आले, तेवढा सवाब जास्त.' मला हे पटत नाही. अबू मूसांनी चिंध्या बांधल्या त्या दुसरे काही हाताशी नव्हते म्हणून, आणि त्याची वाच्यताही त्यांना नकोशी झाली. जिथे उपाय होता तिथे प्रेषितांनी पाय उघडे करायला लावले नाहीत. फोडाने लंगडणारा माणूस तवाफमध्ये मागे राहतो आणि सोबतच्यांनाही थांबवतो. पाय हीदेखील अमानत आहे. मशिदीत मसहचा वाद जरूर घालावा, पण त्याच बैठकीत हजला निघालेल्या वडीलधाऱ्यांच्या पायात काय आहे, हेही एकदा विचारावे.