पान कुणी रंगवलं?

मी भुईगावातून बोलते आहे. बचत गटांच्या समन्वयाचं काम करते.

आमच्या गटांत यंदा एक वेगळाच व्यवहार चाललाय. रद्दीत निघालेलं एखादं जाडजूड पुस्तक घ्यायचं, त्याची पानं सुटी करायची आणि प्रत्येकीनं एकेक पान घरी न्यायचं. कुणी त्यावर रंग देते, कुणी जुन्या लुगड्याच्या काठाचा तुकडा चिकटवते, कुणी लग्नपत्रिकेवरचा गणपती कापून लावते. मग ते पान दुसऱ्या गटाकडे जातं. तिथली बाई त्यात आपली भर घालते आणि पुढे पाठवते. तीन हात फिरून पान परत आलं की सगळी पानं शिवून नवं पुस्तक होतं. परदेशात अशी पानं टपालानं एकमेकींना पाठवणारी मंडळं आहेत. आपल्याकडे टपालाची गरज नाही, भाजीच्या टोपलीतूनसुद्धा पान पुढच्या गावी पोचतं.

पहिल्याच फेरीत एक प्रश्न आला. तिघींनी मिळून केलेल्या पानावर नाव कुणाचं घालायचं? एक म्हणाली, गटाचं घाला. दुसरी म्हणाली, जिनं पहिल्यांदा हात लावला तिचं. तिसरी म्हणाली, नाव कशाला हवं, आपण काय चित्रकार आहोत का? हे तिसरं बोलणं माझ्या डोक्यात राहिलं. कारण आपल्याच पालघर जिल्ह्यात या प्रश्नाला मोठा इतिहास आहे.

तसं पाहिलं तर छापील पान बदलणं बायकांना नवीन नाही. जुन्या डायरीत पाककृतींची कात्रणं चिकटवून तिचं दुसरंच पुस्तक करणाऱ्या बायका प्रत्येक गावात आहेत. जुनी वह्या-पुस्तकं भिजवून, त्यात मेथी वाटून घालून, त्या लगद्यानं टोपल्या लिंपणाऱ्या आज्याही होत्या. त्याला कुणी कला म्हटलं नाही. 1966 साली लंडनमध्ये टॉम फिलिप्स नावाच्या चित्रकारानं तीन पेन्सला एक जुनी कादंबरी विकत घेतली आणि तिचं प्रत्येक पान रंगवायला घेतलं. मधले थोडेच शब्द उघडे ठेवायचे, बाकी सगळं चित्राखाली. पन्नास वर्षं तो त्याच पुस्तकावर काम करत राहिला. ते पुस्तक जगभर गाजलं, त्याच्या नावानं.

आता डहाणू-तलासरीकडे चला. वारली समाजात लग्न ठरलं की घरातल्या भिंतीवर चौक काढतात. शेणानं आणि गेरूनं सारवलेली भिंत, तांदळाचं पीठ पाण्यात कालवून केलेला पांढरा रंग, आणि टोक ठेचलेली काडी. चौकात पालघट देवी. चौक काढायचा तो सवाशिणींनी, मिळून. एकीनं रेघ ओढायची, दुसरीनं ती पुढे न्यायची. लग्न लावणारी धवलेरी ही बाईच, गाणी म्हणणारी. चौकाशिवाय लग्न लागत नाही. एवढं महत्त्वाचं काम, पण खाली कुणाचं नाव नाही. नाव लिहायची कल्पनाच नव्हती, कारण भिंत पुन्हा सारवली की चित्र गेलं.

1970 नंतरच्या काही वर्षांत भास्कर कुलकर्णी नावाचे मराठी चित्रकार त्या भागात आले. आदिवासींची कला कागदावर यावी, विकली जावी, त्यातून चार पैसे मिळावेत, या हेतूनं सरकारी हस्तकला खात्यातर्फे हे काम चाललं होतं. गंजाड गावी त्यांना जिव्या सोमा मशे भेटले. जिव्यादादा फक्त लग्नापुरतं नाही, रोज चित्रं काढायचे. शेत, मासेमारीचं जाळं, तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती नाचणारे. 1975 साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन झालं, 1976 साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, 2011 साली पद्मश्री. 2018 साली ते गेले. त्यांचं काम मोठंच आहे. पण वारली चित्र म्हटलं की आपल्या तोंडी पहिलं नाव पुरुषाचं येतं, आणि ज्यांच्या हातून ही कला पिढ्यान्‌पिढ्या आली त्या सवाशिणींपैकी एकीचंही नाव आपल्याला सांगता येत नाही.

कागद आला म्हणून असं झालं का? मला तसं वाटत नाही, कारण याच भास्कर कुलकर्णींची आणखी एक गोष्ट आहे. त्याआधी, 1966-67 च्या सुमारास बिहारमध्ये भीषण दुष्काळ पडला होता. तेव्हा हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी त्यांना मधुबनीला पाठवलं. तिथेही भिंतीवरची चित्रं बायकाच काढत. त्या चित्र काढत नाहीत, ‘लिहितात’. त्यांच्या बोलीत तसाच शब्द आहे. कुलकर्णींनी कागद दिला तो त्या बायकांच्याच हातात. जितवारपूर गावच्या जगदंबा देवींना 1975 साली पद्मश्री मिळाली, सीता देवींना 1981 साली. गंगा देवींनाही 1984 साली मिळाली. तोच माणूस, तसाच कोरा कागद. तिकडे बायकांची नावं झाली, इकडे राहिली.

फरक का पडला याचं एकच कारण सांगता येणार नाही. आपल्याकडे चौक हा लग्नाशी बांधलेला. तो विकायचा कसा, असं त्या बायकांना वाटलं असेल तर नवल नाही. कागदाला मात्र तसं बंधन नव्हतं. कागदानं एक चांगलंही केलं, हे विसरू नका. चौकाला सवाशीणच लागते, म्हणजे विधवा बाजूला. कागदावर विधवेनं काढू नये असं कुणी म्हणू शकत नाही. आमच्या गटात अशा चौघी आहेत आणि त्यांची पानं सगळ्यात भरलेली असतात. कुणाला हळदीकुंकवाला बोलावलं जातं आणि कुणाला नाही, हे पानाला माहीत नसतं.

तेव्हा आम्ही ठरवलंय ते असं. प्रत्येक पानाच्या मागे तीन ओळी. पहिला हात कुणाचा, दुसरा कुणाचा, तिसरा कुणाचा. आपलं नाव आपणच लिहायचं; ‘अमुकची आई’ किंवा ‘तमुकची सून’ असं चालणार नाही. सही येत नसेल तर अंगठा उठवा, आणि नाव शेजारणीकडून लिहून घ्या.

करायचं असेल तर थोडं कामाचं. गटाची हिशोबाची वही कुणी फाडू नका, कितीही जुनी असली तरी, ऑडिटला लागते. शाळेची जुनी पुस्तकं, दिवाळी अंक चालतील. छापील पान पातळ असतं, रंग पलीकडे फुटतो. त्याला उपाय कुडाळजवळच्या पिंगुळीच्या चित्रकथी लोकांचा. त्यांच्या पोथ्यांतली चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, म्हणून पान जाड होतं. आपणही दोन पानं तशीच चिकटवायची, पण नावांच्या तीन ओळींपुरती मागची बाजू मोकळी ठेवायची. चिकटवायला मैद्याची खळ. कसर लागू नये म्हणून बाइंडर त्यात चिमूटभर मोरचूद घालतात, पण ते विषारी असतं. घरात लहान मुलं असतील तर नुसती खळ वापरा आणि पुस्तकात कडुलिंबाचा पाला ठेवा. शिवायला दाभण आणि जाड दोरा पुरतो.

आमची दुसरी फेरी पुढच्या महिन्याच्या बैठकीला सुटते. पहिल्या फेरीतली दोन पानं अजून परत आलेली नाहीत. ज्यांच्याकडे असतील त्यांनी पाठवून द्या, अर्धी असली तरी चालतील.