काव्यातील चक्रवाक आणि मायणीचा तलाव

चक्रवाक हा आम्हां सुशिक्षितांच्या परिचयाचा पक्षी. पण तो परिचय केवळ पुस्तकी. रात्रीच्या विरहाने व्याकुळ होणारे हे जोडपे आम्ही संस्कृत काव्यात वाचले आणि वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांस समजावून दिले. परंतु हेच चक्रवाक हिवाळ्यात हिमालयापलीकडून आमच्याच मुलखात, खटाव तालुक्यातील मायणीच्या तलावावर उतरतात, हे आम्हांस ठाऊक नव्हते. ते आम्हांस दाखविले तलावाकाठच्या एका मेंढपाळाने!

आमच्या या अज्ञानास इतिहास आहे. दख्खनच्या पक्ष्यांची शास्त्रीय यादी १८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे ठेवली, ती कर्नल साइक्स याने. १८२४ साली मुंबई सरकारने त्यास नेमले ते मुलखाची सांख्यिकी माहिती गोळा करण्यासाठी. ते करता करता त्याने सुमारे २३६ जातींचे पक्षी नोंदविले. त्या काळी पक्षी ओळखावयाचा तो बंदुकीने टिपून. ती रीत आज कोणास रुचणार नाही. तथापि एक परका अधिकारी आमच्या माळावरील चंडोल निरखीत होता, तेव्हा आमचे शास्त्री पोथीतील पक्ष्यांतच रमले होते, हे कबूल केले पाहिजे.

तलावाची कथाही अशीच. सांगलीच्या अलीकडे ब्रह्मनाळजवळ कृष्णेस मिळणाऱ्या येरळेचे खोरे अवर्षणाचे. तेथे चांद नदी अडविली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, शेतीस पाणी मिळावे म्हणून. पक्ष्यांचा विचार कोणाच्या मनात नव्हता. परंतु उथळ पाणी व चिखल पाहून चक्रवाक आले, बदके आली. कच्छच्या रणात घरटी बांधणारे रोहितही या परिसरातील तलावांवर उतरू लागले. २०२१ साली सरकारने मायणी परिसरातील तलावांस पक्षी संवर्धन राखीव क्षेत्र ठरविले. जे आनुषंगिक होते, त्यास अखेर हेतूचे स्थान मिळाले.

तरी पाऊस चुकला की तलाव आटतो आणि पाहुणे येत नाहीत. त्या वर्षी काठच्या मेंढपाळालाही मेंढरे घेऊन दूर जावे लागते. पक्ष्याचे आणि माणसाचे भाग्य येथे एकाच पाण्यावर अवलंबून आहे. सरकार तलाव राखील. पण पक्ष्यांची नावे घरोघरी मुलांच्या तोंडी आणणे हे काम आम्हां शिक्षितांचे आहे. आम्ही ते फार उशिरा आरंभिले.