यादी कोणाच्या खिशात?

अनेक वर्षं शाळेत इतिहास शिकवला, पण लढायांपेक्षा मला याद्या जास्त आवडत. पेशवे दफ्तरातला जमाखर्चाचा एखादा कागद तहनाम्याइतकाच बोलका असतो. कोणी काय आणलं, कुठून आणलं, किती आणलं... तहात जे कोणी बोलत नाही, ते याद्या सहज सांगून जातात. आज अशाच एका यादीचा इतिहास सांगणार आहे. मात्र ही यादी कुठल्या रुमालात बांधलेली नाही, ती तुमच्या-माझ्या मोबाईलमधल्या अ‍ॅपच्या पोटात असते. माझा पुतण्या अ‍ॅप्स बनवतो. त्याला प्रश्न विचारून भंडावलं, मग स्वतः वाचलं, तेव्हा कुठे मराठी माध्यमातल्या या बी.ए.च्या डोक्यात थोडा उजेड पडला. संगणकवाल्या मंडळींनी माझं पाल्हाळ सोसून घ्यावं!

मोठा प्रोग्राम एका फाईलमध्ये मावत नाही. शेकडो फाईली असतात आणि एक बदलली की तिच्यावर अवलंबून असलेल्या बाकीच्या पुन्हा तयार कराव्या लागतात. कोण कोणावर अवलंबून हे पूर्वी माणसाने लक्षात ठेवायचं. १९७६ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये स्टीव्ह जॉन्सन नावाचे गृहस्थ सहकारी स्टुअर्ट फेल्डमन यांच्याकडे वैतागून आले. चूक दुरुस्त केली होती, पण ती फाईल पुन्हा तयार करायची राहून गेली आणि सकाळ फुकट गेली. फेल्डमननी त्यावर 'मेक' नावाचा छोटा प्रोग्राम लिहिला. अवलंबित्व एका फाईलमध्ये लिहून ठेवायचं आणि काय शिळं झालं ते वेळ पाहून यंत्राने ठरवायचं.

यातली एक गंमत. त्या फाईलमधल्या आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू करावी लागते. ही अडचण फेल्डमनना लवकरच कळली, पण तोवर डझनभर लोक मेक वापरू लागले होते. त्यांची गैरसोय नको म्हणून टॅब तसाच ठेवला. डझनभरांची सोय पाहिली आणि पुढच्या कित्येक पिढ्यांच्या नशिबी तो टॅब आला! रूढी अशाच तयार होतात, नाही का?

मेकचं लक्ष मुख्यतः आपल्याच फाईलींवर होतं. पुढे लोक दुसऱ्यांनी लिहिलेले तयार भाग, म्हणजे लायब्ररी, भरपूर वापरू लागले. जावा भाषेत २००० साली 'अँट' आलं, पण बाहेरच्या लायब्ररी बहुधा हातानेच आणून फोल्डरमध्ये ठेवाव्या लागत. कोणती आवृत्ती, कुठून आणली, याची नोंद असली तर असली. २००४ मध्ये 'मेव्हन'ची पहिली आवृत्ती आली आणि २००५ च्या दुसऱ्या आवृत्तीने मोठी सोय केली. लायब्ररीचं नाव आणि आवृत्ती लिहा, ती मध्यवर्ती कोठारातून येईल. शिवाय तिला लागणाऱ्या लायब्ररीही येतील, आणि त्यांना लागणाऱ्याही!

थोडक्यात, पत्रिकेवर 'सहकुटुंब सहपरिवार' छापल्यासारखं झालं. बोलावलं एकाला, पंगतीला बसले पंधरा. त्यात दोन पाहुण्यांनी एकाच लायब्ररीच्या वेगवेगळ्या आवृत्त्या मागितल्या तर? मेव्हन जवळच्या नात्याचं ऐकतं. नंतर आलेलं 'ग्रेडल' सहसा नव्यातल्या नव्या आवृत्तीला मान देतं. दोन्ही रीती आपल्याही घरांत पाहायला मिळतात!

अँड्रॉइडचे फोन २००८ मध्ये बाजारात आले. सुरुवातीला तिथे अँटचाच कारभार होता. मे २०१३ मध्ये गूगलने अँड्रॉइड स्टुडिओ जाहीर केला आणि त्यासोबत ग्रेडल आलं. २०१७ मध्ये यादीतली नोंद करण्याची रीत बदलली. एखादी लायब्ररी फक्त स्वतःच्या आतल्या कामाला वापरली आहे, की आपल्यावर अवलंबून असणाऱ्यांनाही ती दिसायला हवी, हे वेगवेगळ्या शब्दांनी सांगायची सोय झाली. फेब्रुवारी २०२१ मध्ये आणखी एक धडा मिळाला. अनेक अँड्रॉइड प्रकल्प ज्या 'जेसेंटर' कोठारावर विसंबून होते, ते आपण आवरतं घेत असल्याचं चालवणाऱ्या कंपनीने जाहीर केलं. यादी चोख होती, पण दुकानच बंद व्हायला निघालं.

आता मुद्द्याचं. २०२० मध्ये अँड्रॉइडच्या बांधणी-साधनाची ४.० ही आवृत्ती आली. तेव्हापासून अ‍ॅप तयार होताना त्यात कोणत्या लायब्ररी आहेत याची यादी आपोआप त्याच्या सहीच्या भागात ठेवली जाते. एखादी लायब्ररी सदोष निघाली तर गूगल प्लेने अ‍ॅप बनवणाऱ्याला सावध करावं, हा हेतू. हेतू चांगलाच आहे. पण ही यादी गूगल प्लेच्या किल्लीने कुलूपबंद केलेली असते. अ‍ॅप बनवणाऱ्याला ती नको असेल तर दोन-तीन ओळी लिहून वगळता येते. ज्याच्या फोनमध्ये ते अ‍ॅप आहे, त्याला मात्र ती वाचता येत नाही.

'एफ-ड्रॉइड' हे २०१० पासून चालणारं मुक्त सॉफ्टवेअरचं भांडार आहे. त्यांचं म्हणणं साधं आहे. जे आम्हाला उघडून पाहता येत नाही ते आमच्याकडच्या अ‍ॅपमध्ये नको, ती यादी वगळा.

यादीचं महत्त्व काय, हे डिसेंबर २०२१ मध्ये जगाला कळलं. 'लॉगफोरजे' या जावा लायब्ररीत भयंकर भगदाड सापडलं. दुरुस्ती लवकर उपलब्ध झाली, पण ही लायब्ररी आपल्याकडे आहे की नाही हेच कित्येकांना ठाऊक नव्हतं. कारण ती कुणीतरी बोलावलेल्या पाहुण्याच्या पाहुण्याबरोबर आत आली होती. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या अध्यक्षांनी, सरकारला विकल्या जाणाऱ्या सॉफ्टवेअरसोबत घटकांची यादी मिळावी, या दिशेने आदेश काढला होता.

काहीजण म्हणतात, यादी उघडी ठेवली तर चोरांचंच फावेल. मला हे फारसं पटत नाही. चोराला वेळ असतो, तो अ‍ॅप उसवून आतलं बरंच काही शोधून काढतो. उसवता येत नाही ते आपल्यासारख्यांना. बिस्किटाच्या पुड्यावर घटक छापावेच लागतात. सगळेजण ते वाचत नाहीत, पण मधुमेही माणूस पुडा उलटा करून आधी साखर शोधतो. त्याच्यासाठी ती चार ओळींची छपाई असते.

फेल्डमनची यादी तिच्या लिहिणाऱ्यासाठी होती. मेव्हनची यादी जगभरातल्या लिहिणाऱ्यांसाठी. पंचेचाळीस-पन्नास वर्षांच्या या प्रवासात यादी वाढत गेली, पण वापरणाऱ्यापर्यंत काही पोचली नाही. माझ्या फोनमध्ये बँकेचं अ‍ॅप आहे, औषधांच्या वेळा सांगणारंही आहे. त्यांच्या पंगतीला कोण कोण बसलंय हे मला वाचून कळेलच असं नाही. पण पुतण्याला कळेल, तुमच्यापैकी काहींना कळेल. तेवढ्यासाठी तरी यादीला कुलूप नसावं, असं मला वाटतं.

तुमचं मत वेगळं असेल तर जरूर लिहा. या विषयात मी अजून विद्यार्थीच आहे.